बाकाची सरासरी जागा

दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्यात नव्या खुर्च्या घेतल्या आणि जुनं बाक इमारतीला देऊन टाकलं, इथून सगळं सुरू झालं. बाक चांगलं होतं. लोखंडी पाय, जाड लाकडी फळ्या, टेकायला पाठ. त्यावर बसून दाढ उपटायची वाट पाहिलेली निदान वीस माणसं आमच्या इमारतीत निघाली असती. त्यामुळे सुरुवातीला बाकाजवळून जाताना लोकांचा हात आपोआप गालाकडे जायचा. पण फुकटच्या वस्तूला नावं कोण ठेवणार? धर्माची गाय आणि दात का नाय, असं म्हणायचीही सोय नव्हती, कारण देणाराच दातांचा डॉक्टर.

प्रश्न एवढाच होता की बाक ठेवायचं कुठे. फाटकाजवळ ठेवलं तर येणारी-जाणारी माणसं दिसतील, असं एकाचं म्हणणं. फाटकाजवळ ठेवलं तर येणाऱ्या-जाणाऱ्यांना आपण दिसू, असं दुसऱ्याचं. वरच्या मजल्यावरच्यांना ते जिन्याच्या तोंडाशी हवं होतं, म्हणजे पिशव्या घेऊन चढण्याआधी जरा टेकता येईल. कोणी झाडाचं नाव घेतलं, तर कोणी झाडावरच्या कावळ्यांचं. या चर्चेत अकरा दिवस गेले आणि तेवढे दिवस बाक जिन्याखाली उभं करून ठेवलेलं होतं. इमारतीतल्या प्रत्येकाचं कोपर त्याला एकदा तरी लागलं.

शेवटी सचिवांनी सभा बोलावली. आमच्या सचिवांचं एक आहे. एखादी गोष्ट ठरावाच्या वहीत लिहिली की ती झाली असं ते धरतात. लिहिली नसेल, तर डोळ्यांदेखत झालेली गोष्टही झालेली नसते. पाऊण तास आरडाओरडा झाल्यावर ते म्हणाले, "वहीत काय लिहू ते सांगा."

तेव्हा मी उभा राहिलो. उभं राहायला नको होतं, हे आता कळतं.

मी वजन-माप निरीक्षक होतो. तेहतीस वर्षं तराजू तपासले, वजनांवर शिक्के मारले. मी बाजारात शिरलो की दुकानांमधून खुडबूड ऐकू यायची, ती हलकी वजनं आत जाण्याची. निवृत्त झाल्यावर हा सगळा दरारा घरी आला आणि घरात त्याला कोणी जागा दिली नाही. इमारतीत मला तराजूसाहेब म्हणतात. त्यात आदर किती आणि थट्टा किती, हे मापायचं साधन अजून निघालेलं नाही.

"भांडून जागा ठरत नसते," मी म्हणालो. "मोजून ठरते. मी सर्वेक्षण करतो. प्रत्येक घराचं मत घेऊ, सरासरी काढू, आणि सरासरी येईल तिथे बाक."

ओरडून थकलेल्यांनी माना डोलावल्या. सचिवांनी लगेच लिहिलं, 'सरासरीप्रमाणे बाक बसवण्याचा ठराव एकमताने मंजूर.'

घरी आल्यावर ही म्हणाली, "सुनेला विचारा आधी. ती हेच शिकवते ना?"

आमची सून कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. त्या दिवसांत ती पेपर तपासायला परगावी गेली होती. फोन करता आला असता. पण मी म्हटलं, "बेरीज करून भागायला प्राध्यापक लागत नाही."

अर्ज मी स्वतः तयार केला. बाक कुठे हवं, याला चार पर्याय दिले. एक, फाटक. दोन, झाड. तीन, पंपघर. चार, जिना. पंपघर कोणी मागितलं नव्हतं, पण चार पर्याय असले की कागद भरल्यासारखा दिसतो. मग बाकाची गरज किती: अजिबात नाही, थोडी, बरीच, खूप, अत्यंत. त्यांना एक ते पाच आकडे. मग किती वाजता बसाल. आणि खाली माहितीसाठी एक टीप. दुपारी थर्मामीटर लावून मी तपमान घेतलं होतं, फाटकापाशी चाळीस, झाडाखाली तीस. सकाळी सहाला सगळीकडे वीस. त्यावरून लिहिलं, 'फाटकाजवळ दुपारी सकाळच्या दुप्पट ऊन असते, याची नोंद घ्यावी.'

सचिवांनी अर्ज परत पाठवला, त्यावर जावक क्रमांक नव्हता. क्रमांक घातला. पुन्हा परत आला. भरून देण्याची शेवटची तारीख नव्हती. तारीख घातली, ती रविवारची निघाली, आणि रविवारी सचिव कागद घेत नाहीत. तिसऱ्या खेपेला अर्ज वाटले गेले.

बत्तीस घरांपैकी एकाला कुलूप होतं. एकतीस अर्ज आले. ते कसे आले ते विचारू नका. एकाने चारही जागांवर खुणा केल्या होत्या, त्याला मी जिन्यात गाठून एकीवर आणलं. एकीने वेळेच्या रकान्यात 'बघू' असं लिहिलं. चौथ्या मजल्यावरच्या शिंप्याने गरजेच्या रकान्यात खूण करायच्या ऐवजी खडूने बाकाच्या गादीचं माप काढून दिलं. पण मी चिकाटी सोडली नाही. बारा मतं फाटकाला, तीन झाडाला, एक पंपघराला, पंधरा जिन्याला. बेरीज एक्याऐंशी, भागिले एकतीस, उत्तर दोन पूर्णांक एकसष्ट शतांश. बसण्याच्या वेळा निम्म्या लोकांनी सकाळी सात दिल्या होत्या आणि निम्म्यांनी संध्याकाळी सात. सरासरी आली दुपारी एक. मला जरा नवल वाटलं, पण आकड्यापुढे आपण कोण?

दोन म्हणजे झाड आणि तीन म्हणजे पंपघर. मधलं अंतर माझ्या टेपने बरोबर अठरा मीटर भरलं. त्याचे एकसष्ट शतांश म्हणजे झाडापासून अकरा मीटर. मी जमिनीवर चुन्याची फुली मारली.

गवंडी आला, त्याने फुली पाहिली आणि म्हणाला, "साहेब, एक पाय गटाराच्या झाकणावर येतोय. जरा सरकवू का?"

"किती सरकवणार?"

"हातभर."

"हातभर सरकवलं तर ते एकसष्ट शतांश राहत नाही," मी म्हणालो. एकतीस घरांचं मत हातभर सरकवणारा मी कोण?

त्याने माझ्याकडे पाहिलं, झाकणाकडे पाहिलं, आणि सिमेंट कालवायला घेतलं.

बाक बसलं. त्याचं तोंड मागच्या भिंतीकडे होतं, डावीकडे पंप घरघरत होता आणि डोक्यावर सावली नव्हती. तिथे कोणी फिरकलं नाही. पहिल्या दिवशी दुपारी एक वाजता ठरावाचा मान राखायला मी एकटा जाऊन बसलो. बसलो म्हणजे टेकलो. फळ्या इतक्या तापल्या होत्या की मी जसा टेकलो तसाच उठलो. वरच्या खिडकीतून कोणीतरी ते पाहिलं असावं. संध्याकाळी तीन जणांनी मला भाजल्यावर लावायचं मलम सुचवलं.

त्याच आठवड्यात सून परत आली. जेवणं झाल्यावर तिने माझे कागद मागितले, शांतपणे वाचले आणि विचारलं, "बाबा, फाटकाला एक आकडा का दिला?"

"आत शिरताना पहिल्यांदा फाटकच लागतं म्हणून."

"आणि फाटकाला चार, जिन्याला एक दिला असता तर?"

"तर काय?"

तिने पेन्सिल घेतली. "तर सरासरी दोन पूर्णांक बत्तीस आली असती. बाक झाडापासून सहा मीटरवर गेलं असतं. लोकांचं मत तेच, पण बाक दुसरीकडे. सत्तावीस घरांना फाटक नाहीतर जिना हवाय, आणि बाक अशा ठिकाणी आहे जिथे ते कोणालाच नकोय."

"आकडे खोटं बोलत नाहीत," मी म्हणालो.

"हे आकडेच नाहीत, बाबा. ही नावं आहेत. आठ नंबरची बस आली नाही, चार नंबरचीही आली नाही, म्हणून तुम्ही सहा नंबरच्या बसमध्ये बसलात तर घरी पोचाल का? नावांची सरासरी नसते. कोणतं नाव जास्त वेळा आलं, एवढंच मोजायचं."

ही भांडी आवरायच्या निमित्ताने तिथेच घुटमळत होती.

"बरं, गरजेचे आकडे तरी आकडे आहेत ना?" मी विचारलं. "थोडीपेक्षा बरीच जास्त, बरीचपेक्षा खूप जास्त."

"जास्त आहे, पण किती जास्त? क्रम आहे, जिन्याच्या पायऱ्यांसारखा. पण सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या आहेत, हे कोणी मोजलंय? तिथे सगळे अर्ज क्रमाने लावायचे आणि मधला उचलायचा. आणि हे दुप्पट ऊन..." इथे तिने ओठ आवळले, म्हणजे हसू आवरलं. "शून्य अंशाला उष्णता संपत नाही, म्हणून चाळीस हे विसाच्या दुप्पट नाही. शून्य किलोला मात्र साखर संपते. तुमच्या तराजूचे आकडे सगळ्यांत दणकट, बाबा. त्यांची बेरीज करा, सरासरी काढा, दुप्पट म्हणा, निम्मं म्हणा, काहीही सोसतात. तुम्ही जन्मभर त्यांच्यातच वावरलात. म्हणून बाकीचेही तसेच असतील असं वाटलं."

ती हे प्रेमाने म्हणाली. तेच जास्त लागलं. कोणी खेकसून सांगितलं असतं तर भांडता आलं असतं. तेहतीस वर्षं ज्याने दुसऱ्यांची मापं काढली, त्याला घरच्या जेवणाच्या टेबलावर माप म्हणजे काय ते समजावून सांगितलं जावं? मी दोन दिवस तिच्याशी कामापुरतंच बोललो. तसं मी एरवीही कामापुरतंच बोलतो, पण आवाजात फरक होता. तो तिच्या लक्षात आला नाही, याचंही मला वाईट वाटलं.

नवव्या दिवशी गटार तुंबलं.

सफाईवाले आले, तेव्हा झाकणावर बाकाचा पाय सिमेंटात घट्ट रुतलेला. झाकण उघडेना. पाणी तळमजल्यावरच्या मोऱ्यांमधून वर यायला लागलं. दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना तळमजल्यावर. आत एक गृहस्थ तोंड उघडून बसले होते, त्यांना चूळ भरायला सांगणं अशक्य झालं. शेजारी सिस्टर राहतात, त्यांच्या मोरीत घोटाभर पाणी. चौतीस वर्षं इस्पितळात नोकरी केलेल्या या बाई. इमारतीतलं एक घर असं नाही, की जिथे त्यांनी सुई टोचली नाही. हिच्या ऑपरेशननंतर महिनाभर रोज पट्टी बदलायला त्याच यायच्या. मी धावत गेलो, तर त्या पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "काही नाही हो भाऊ, थोडं पाणी आलंय."

गवंड्याला पुन्हा बोलावलं. घणाचे घाव घालत तो एका शब्दाने मला बोलला नाही. मला तो बोलला असता तर बरं वाटलं असतं. बाक निघालं, एक पाय वाकडा होऊन. पुन्हा जिन्याखाली गेलं.

सभेत मला काय काय ऐकून घ्यावं लागलं ते सांगत नाही. शिंपी म्हणाला, "साहेबांनी कपडे शिवले असते तर सगळ्यांना एकच सदरा बसवला असता." यावर लोक हसले. मीही हसल्यासारखं केलं. सचिवांनी लिहिलं, 'सरासरी रद्द.'

त्या संध्याकाळी मी सुनेसमोर अर्जांचा गठ्ठा ठेवला आणि म्हणालो, "बरं, दाखव."

तिने विजयी मुद्रा केली नाही, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. टेबल पुसलं, चहा ठेवला. आम्ही जागेप्रमाणे चार ढीग केले. जिन्याचा ढीग सर्वांत उंच. मग गरजेप्रमाणे एकतीस अर्ज क्रमाने ओळीत लावले, ओळ टेबलावरून सुरू होऊन सोफ्यावरून खिडकीपर्यंत गेली, आणि सोळावा अर्ज मी उचलला. 'बरीच.' म्हणजे इमारतीला बाक बरंच हवं होतं. एवढं मला कळलं, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं.

ओळ गोळा करताना एक अर्ज हाताला लागला. तो सिस्टरांचा. गरज: थोडी.

"थोडी," मी मोठ्याने वाचलं आणि थांबलो. दातांचे डॉक्टर सुई टोचताना 'थोडं दुखेल' म्हणतात, तेव्हा माणूस खुर्चीसकट उचलला जातो. आणि सिस्टर घोटाभर पाण्याला थोडं पाणी म्हणाल्या होत्या. शब्दावर शिक्का 'थोडं'चा, पण दोघांचंही वजन भलतंच जास्त. बाजारात असं सापडलं असतं, तर मी दुकान बंद केलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी जिन्याचा निकाल घेऊन सचिवांकडे गेलो. त्यांनी एक जाड फाईल काढली. जिन्याच्या तोंडाशी कोणताही अडथळा ठेवू नये, असा अग्निशमन दलाचा नियम होता.

"मग पर्यायात जिना होता तेव्हा का नाही बोललात?" मी विचारलं.

"तेव्हा तुम्ही विचारलं नव्हतं. दुसऱ्या नंबरला काय आहे? फाटक? फाटक लिहितो."

"थांबा," मी म्हणालो. "बाकावर कोण बसणार? म्हातारी माणसं. ती न थांबता किती पावलं चालतात, ते मोजतो. ही पावलं आहेत. शून्य पावलं म्हणजे शून्य. यांची सरासरी काढता येते." एवढं नवं ज्ञान मी त्यांच्या अंगावर टाकलं. त्यांनी फाईल बंद केली.

इमारतीत साठीच्या पुढची नऊ माणसं, मला सोडून. मी खडू आणि वही घेऊन एकेकाच्या मागे चालायला लागलो. तळमजल्याच्या दारापासून सुरुवात, आणि जिथे थांबावंसं वाटेल तिथे त्यांनी थांबायचं. फाटक लागलं तर तिथून परत फिरायचं. हे वाटतं तितकं सोपं नाही. मागे कोणी मोजतंय म्हटल्यावर म्हातारा माणूस थांबत नाही. तिसऱ्या मजल्यावरचे माजी पोस्टमन थांबेचनात. फाटकाला वळसा घालून ते दीडशे पावलं गेले, आणि मग भिंतीला टेकून मला म्हणाले, "अजून जाऊ शकतो, पण मला काम आहे." एका बाईंनी मी मागे आहे हे विसरून अचानक वळून पाहिलं आणि पहारेकऱ्याला हाक मारली. त्याला समजावण्यात अर्धा तास गेला. आठ जणांची सरासरी शहाऐंशी आली, आणि फाटक चौऱ्याऐंशी पावलांवर. म्हणजे फाटकच बरोबर होतं. या वेळी मापाला माप लागलं होतं आणि सुनेनेही मान डोलवली होती.

फक्त सिस्टर राहिल्या होत्या.

"माझं कशाला?" त्या म्हणाल्या. "मी कुठे फारशी बाहेर पडते?"

"वही पुरी व्हायची नाही, सिस्टर."

वहीसाठी त्या उठल्या. अपुरी वही म्हणजे काय, हे इस्पितळातल्या माणसाला कळतं. त्यांनी केस नीट केले, चपला घातल्या आणि बाहेर आल्या. मी मागून मोजत होतो. दहा पावलं सरळ गेल्या. पंधराव्या पावलानंतर वेग कमी झाला. तेविसाव्याला त्या सचिवांच्या गाडीपाशी थांबल्या, आरशावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "या गाडीचा रंग बदललाय का हो?"

"नाही."

"मला बदलल्यासारखा वाटतो." आणि त्या गाडीचा रंग पाहत राहिल्या. बराच वेळ पाहत राहिल्या. रंग पाहताना माणसाच्या कपाळावर घाम येत नाही. आरसा धरलेल्या हाताची बोटं पांढरी झाली होती.

मी वही बंद केली. "कधीपासून, सिस्टर?"

"झाले सात-आठ महिने. सामान घरपोच येतं, काही अडत नाही." मग हळूच म्हणाल्या, "आकडा लिहायचा तर लिहा, भाऊ. पण नाव नको. ऑपरेशन झालेल्या माणसांना धरून मी चालवलंय. 'चला, अजून दोन पावलं' म्हणून दटावलंय. आता मलाच कोणी तसं म्हणायला लागलं तर बरं दिसायचं नाही."

मी हात पुढे केला. तो त्यांनी धरला नाही, पण तेवीस पावलं परत जाताना मी त्यांच्या इतका जवळून चाललो की पाहणाऱ्याला आम्ही काहीतरी महत्त्वाचं बोलतोय असं वाटलं असतं. सात-आठ महिने. आणि त्यांच्या दारावरून मी दिवसातून चार वेळा जातो.

घरी येऊन मी नववा आकडा मिळवला. सरासरी शहाऐंशीची एकोणऐंशी झाली. फक्त सात पावलांचा फरक पडला. "पाचच पावलं कमी पडतात, फाटक अजूनही बसतंय गं," मी सुनेला म्हणालो. "आणि ही सरासरी तर चालते ना?"

"काढता येते, बाबा," ती म्हणाली. "पण काढता येते म्हणून काढायलाच हवी, असं कुठे आहे? शहाऐंशी पावलं चालणाऱ्याला बाक कुठेही चालेल."

मी वही पुन्हा उघडली आणि तेविसाभोवती गोल काढला.

पुढच्या सभेत मी सांगितलं की बाक दारापासून तेवीस पावलांवर बसवावं. सगळ्यांनी त्या जागेकडे पाहिलं. तिथे सचिवांची गाडी उभी होती.

"तेवीस कुठून आले?" सचिवांनी विचारलं. "तुमची सरासरी तर एकोणऐंशी आहे. वहीतच आहे."

"सगळ्यांत लहान आकडा तेवीस आहे. बाक त्या माणसासाठी ठेवायचं."

"कोण तो माणूस?"

सभा गाड्या उभ्या करायच्या जागेत होती. सिस्टर सभेला येत नाहीत, पण त्यांची खिडकी तिथेच आहे, आणि ती उघडी होती. मी वहीची पानं उलटली. सचिव थांबून राहिले. शिंपी म्हणाला, "सांगा ना साहेब, का तेही गुपित?"

"मी," मी म्हणालो. "तेवीस माझे आहेत. गुडघे."

 मी रोज टाकीवर चढून पाण्याची पातळी बघतो, हे तिथे निदान चौघांना माहीत होतं. मला वाटलं, आता कोणीतरी टाकीचं नाव काढणार. तेवढ्यात मागून ही म्हणाली, "कालच म्हणत होते, फार दुखतात म्हणून. सांगत नाहीत कोणाला. मानी स्वभाव." लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, पण इतक्या सफाईने खोटं बोलताना मी हिला पहिल्यांदाच ऐकत होतो.

मग लोक वळले. माजी पोस्टमन येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. शिंपी खाली बघत म्हणाला, "माहीत असतं तर त्या दिवशी बोललो नसतो." सचिवांनी गाडीकडे पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं, आणि लिहिलं, 'तराजूसाहेबांच्या प्रकृतीचा विचार करून बाक तेवीस पावलांवर.' गाडी पंपघराजवळ गेली.

पुढचे आठ दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. लंगडायचं कोणत्या पायाने, हे ठरवून ठेवलं नव्हतं. सकाळी डावा, संध्याकाळी उजवा असं होऊ लागलं, तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी दोन्ही पायांबद्दल सहानुभूती दाखवली. तीन प्रकारची तेलं दारात आली, एक काठी आली, आणि टाकीवर चढायचं काम इमारतीने माझ्याकडून काढून घेतलं. हे शेवटचं मला खरोखर लागलं.

बाक बसलं. गवंड्याने वाकडा पाय सरळ केला आणि या वेळी आधी जमीन ठोकून पाहिली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिथे बसलो होतो, तेव्हा सिस्टर दारातून बाहेर आल्या. हळूहळू आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. दम गेल्यावर आवाराकडे पाहत राहिल्या, झाडाकडे, फाटकातून आत येणाऱ्या माणसांकडे. "फाटकाला रंग दिलात," म्हणाल्या. तो देऊन चार महिने झाले होते.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "पाय द्या इकडे."

"असू दे हो, सिस्टर."

"द्या म्हणते ना."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर तळहात ठेवला, दुसऱ्या हाताने पोटरी धरली, पाय सरळ केला, वाकवला, पुन्हा सरळ केला. मान तिरकी करून कान दिला. मग दुसरा पाय. मी आपला झाडाकडे बघत बसलो.

"काही आवाज येत नाही," त्या म्हणाल्या. हात त्यांनी लगेच काढला नाही. गुडघ्यावर दोनदा थोपटलं.

"तरी व्यायाम करायचा," त्या म्हणाल्या. "ठराव झालाय म्हणजे दुखणं आहे. पाय सरळ वर, पाच मोजेपर्यंत धरायचा, खाली. रोज दहा वेळा. मीही करते तुमच्याबरोबर, म्हणजे तुम्हाला लाजल्यासारखं व्हायचं नाही."

तेव्हापासून रोज संध्याकाळी आम्ही दोघं बाकावर पाय लांब करून बसतो. पहिल्या आठवड्यात त्यांचा पाय वीतभर उचलला जायचा, आता फळीच्या वर येतो. परवा त्या झाडापर्यंत जाऊन आल्या, मध्ये न थांबता. पंपघराकडून चालत येणारे सचिव रोज विचारतात, बरं वाटतंय का, आणि आम्ही दोघंही हो म्हणतो. मोजणी मात्र सिस्टर करतात. मी एकदा मोजायला लागलो होतो, तर म्हणाल्या, "तुम्ही राहू द्या भाऊ. पाय सरळ ठेवा."

मी पाय सरळ ठेवतो.